सुट्टी कुणाबरोबर घ्यायची?

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. गल्लीतल्या पोरांना सुट्टी लागली होती. ऊन कलायच्या आतच रस्त्यात विटांचे स्टंप उभे राहिले आणि पहिलाच चेंडू समोरच्या आज्जींच्या सांडग्यांच्या परातीत जाऊन पडला. माझी थोरली कंपाउंडच्या भिंतीवर हनुवटी टेकून बघत उभी होती. आज्जी विस्कटलेले सांडगे बोटानं सारखे करत तिला म्हणाल्या, "तुला कवा लागतीय गं सुट्टी?" थोरली जरा थांबली. मग म्हणाली, "मम्मीला विचारून सांगतो." आज्जींना हसू आलं. मी पायरीवर लसूण सोलत बसले होते, मलाही आलं. पण रात्री भांडी पालथी घालून झाली, दिवा मालवला, तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आमच्या लहानपणी सुट्टी कुणाला विचारावी लागत नव्हती. शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलं की ती सगळ्यांना एकदमच मिळायची. हुशार पोरांना, काठावर पास होणाऱ्यांना, मास्तरांना, घंटा वाजवणाऱ्या शिपायाला. माझी पोरगी अकरा वर्षांची आहे आणि तिची सुट्टी माझ्या लाँगबुकात पेन्सिलीनं लिहिलेली असते. पुसता येईल अशी.

आमच्याकडे शाळा भरते ती स्वयंपाकघरात. २०२० साली सगळं बंद पडलं तेव्हा थोरली नुकती पहिलीत जायची होती. मोबाइलवर बाई दिसायच्या, मधेच थिजायच्या, आणि पोरगी त्या थिजलेल्या बाईंना "येस मिस" म्हणत बसायची. शेवटी मोबाइल बाजूला ठेवून मीच पाटी-पेन्सिल घेऊन बसले आणि शाळा उघडल्या तरी आम्ही बसूनच राहिलो. का, असं विचारलं की मी माणूस बघून उत्तर देते. चर्चमधल्या बायकांना सांगते, दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं व्हावी, वचनं पोरांच्या तोंडात बसावीत म्हणून. माहेरच्यांना सांगते, माध्यमाचा घोळ नको म्हणून. बेळगावात पोर मराठी शाळेत घातलं तर पुढं कानडीचं काय, इंग्रजीत घातलं तर मराठीचं काय, हा प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी घरात जेवणाच्या ताटावर येतोच. सासूबाईंना सांगते, फी वाचते. तिन्ही खरं आहे. चौथं कारण सहसा सांगत नाही. मला हे आवडतं. अपूर्णांकानं भागताना खालचा वर, वरचा खाली का करायचा, हे मला पस्तिशी ओलांडल्यावर पोरीला शिकवताना कळलं, आणि त्या दिवशी भाकरी करपली तरी मला काही वाटलं नाही.

वर्षभर शाळा चालवायची ही कल्पना मात्र माझी नाही. ती अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांतून आलेली. तिकडच्या बऱ्याच राज्यांत वर्षाला १८० दिवस शाळा असावी असा नियम आहे, म्हणजे पाच दिवसांचे ३६ आठवडे. शाळांमध्ये हे आठवडे सलग संपवतात आणि उन्हाळ्यात लांबलचक सुट्टी देतात. घरी शिकवणाऱ्यांपैकी काहींना ते पटत नाही. तेवढ्या सुट्टीत पोरं पाढे विसरतात आणि आई चिडचिडी होते ती वेगळीच. म्हणून ते ३६ आठवडे वर्षभर पसरायचे. सहा आठवडे अभ्यास, सातवा मोकळा. सहा दिवस काम करून देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, त्याच मापानं. अशा सहा फेऱ्या झाल्या की ४२ आठवडे होतात आणि वर्षाचे दहा आठवडे हातात उरतात. आजारपण, पाहुणे, सण, सगळं त्यात बसवायचं. हिशेब इतका सुबक की मी वाचता वाचताच भाळले.

त्यांचं छापील वेळापत्रक मी खडे बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलं होतं. त्यात बर्फामुळं बुडालेल्या दिवसांसाठी वेगळा रकाना होता. तो मी आमच्या पावसाला देऊन टाकला. जुलैमध्ये बेळगावचं आभाळ काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर न वाळलेले कपडे, त्याखालून वाकून जाणारी पोरं, आणि वहीची पानं अशी सादळलेली की पेन्सिल टेकवली तर रेघ उमटायच्या आधी खड्डा पडतो.

आमचा पहिला सातवा आठवडा नेमका त्या जुलैत आला.

पहिले दोन दिवस बरे गेले. उशिरा उठणं, मक्याची कणसं भाजणं, धाकट्यानं खाटेखाली गुहा करणं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता रेनकोटांची वरात गल्लीतून शाळेला गेली आणि गल्ली जी सुनसान झाली ती चार वाजेपर्यंत. थोरली खिडकीत. धाकटा तिच्यामागं. पाऊस उघडेना, खेळायला कुणी नाही, मामाच्या गावाला जावं तर मामेभावंडंही शाळेत. गुरुवारी धाकटा माझ्या पदराला धरून म्हणाला, "मम्मी, शिकीव की कायतरी." आमचे हे सेकंड शिफ्टला निघाले होते, डबा भरता भरता हसत म्हणाले, "बघ, पोरं सुट्टीला कंटाळली. असं बेळगावात कधी झालं नसेल." शुक्रवारी मी पोरांना येळ्ळूरच्या शिवारात रोप लावण बघायला नेलं. बायका इरली घेऊन ओळीनं वाकलेल्या, चिखलात पाय रुतण्याचा तो पचक-पचक आवाज, आणि बांधावर ठेवलेला चहाचा किटली-डबा. धाकट्यानं रोपांची एक पेंडी हातात धरली तर एका मावशीनं त्याला सरळ चिखलातच बोलावलं. दीड ओळ लावली त्यानं, वाकडीतिकडी. इथला बासमती कसा येतो हे पुस्तकात कुठं आहे? तो दिवस खरं तर शाळेचाच होता. सुट्टी म्हणून लिहिलेला आठवडा अभ्यासानं वाचवला, असं झालं.

आता यात वेळापत्रकाचा दोष किती आणि गावाचा किती, कुणास ठाऊक. पण इथल्या पोरांच्या सुट्ट्या हा प्रकारच निराळा आहे. आमच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर, पण वर्षं दोन चालतात. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दहा-अकरा तारखेला सुटतात आणि मे संपता संपता भरतात. माझं माहेर कोडोलीला, कोल्हापूरच्या पुढं वारणेच्या अंगाला. तिथल्या शाळांना एप्रिल सरतानाच कुठं सुट्टी लागते आणि शाळा भरते ती जूनच्या मध्याला. म्हणजे बेळगावची पोरं आजोळी जायला मोकळी होतात तेव्हा आजोळची पोरं परीक्षा देत असतात, आणि आजोळची पोरं इकडं यायला निघतात तेव्हा इथं दप्तरं भरलेली. सगळी मिळून एकत्र खेळणार ती फक्त मे महिन्यात. सणांच्या सुट्टीचंही तेच. इकडं मोठी सुट्टी दसऱ्याची, तिकडं दिवाळीची. म्हैसूरचा दसरा म्हणून आम्हाला ऑक्टोबरात सुट्टी, पण ज्या सणाला माझ्या भावाच्या घरी पोरं जमतात त्या दिवाळीला इथं दोन-तीन दिवसांवर बोळवण. त्यात मिशनच्या शाळांचं आणखी वेगळं. नाताळला सुट्टी द्यायची म्हणून त्या दसऱ्याची कापतात. एकाच गल्लीतल्या तीन घरांत तीन सुट्ट्या. सीमाभागावर एवढं बोललं गेलं, १९५६ पासून किती मोर्चे, किती निवेदनं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा. पण आते-मामे भावंडांना वर्षातून जेमतेम एक महिना एकत्र मिळतो, यावर मी कुणाचं भाषण ऐकलेलं नाही.

घरी शाळा घेतल्यावर मला वाटलं होतं की या कटकटीतून आपण सुटलो. दोन्ही राज्यांची कॅलेंडरं गुंडाळून ठेवायची, आपलं तिसरं करायचं. ते केलंही. आणि मग भिंतीवर हनुवटी टेकून उभी असलेली पोरगी दिसली.

अभ्यासाचं म्हणाल तर बारमाही पद्धत सोयीची आहेच, तिला नावं ठेवणार नाही. कुठलाही विषय वाराला बांधायचा नाही ही त्यांची युक्ती मला फार उपयोगी पडली. सोमवारी भूगोल असं लिहिलं की सोमवारीच गॅस संपतो. त्याऐवजी भूगोल, विज्ञान, चित्रकला, इतिहास अशी रांग लावायची आणि रांगेत ज्याचा नंबर तो विषय घ्यायचा. आज हुकला तर उद्या तोच. कुणी मागं पडत नाही आणि मलाही अपराध्यासारखं वाटत नाही. रोजचे असे तीनच: गणित, वाचन आणि शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा. शार्लट मेसन नावाच्या इंग्रज शिक्षिका होत्या, १९२३ साली गेल्या. घरी शिकवणाऱ्या आया त्यांना अजून गुरुस्थानी मानतात. लहान पोरांचा एक धडा वीस मिनिटांच्या वर ओढायचा नाही, असा त्यांचा दंडक. माझ्या धाकट्याच्या बाबतीत वीस जरा जास्तच झाली.

सकाळचा शास्त्रभाग मी तव्याशेजारी घेते. बायबलमधल्या नीतिसूत्रांचे अध्याय ३१, महिन्याचे दिवस फार तर ३१, म्हणून तारीख तोच अध्याय. कॅलेंडर बघितलं की पान सापडतं. थोरली ओट्याला पाठ लावून वाचते, धाकटा खाली बसून भोपळ्याच्या बिया सोलतो आणि मधेच एखादं वाक्य पकडून विचारतो. मुंगीकडं जाऊन शहाणपण शिक, असं सहाव्या अध्यायात आहे. एका महिन्याच्या सहा तारखेला साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. मी डबा उन्हात ठेवायला निघाले तर धाकटा म्हणाला, "नको, अभ्यास कराय लागल्यात त्या." भाकरी थापता थापता हसले की पिठाचा हात तोंडाला लागतो, तसं झालं. डिसेंबरात नीतिसूत्रं बाजूला ठेवतो आणि लूकचं शुभवर्तमान काढतो. त्याचे अध्याय २४. एक तारखेला सुरू केलं की नाताळच्या आदल्या रात्री संपतं. या जुळण्या कुणी मुद्दाम केलेल्या नाहीत, पण वेळापत्रक करणाऱ्या बाईला त्या देवाघरून आल्यासारख्या वाटतात.

कानडी आम्ही बसच्या पाट्यांवर शिकतो. बसस्टँडवर अर्धा तास उभं राहायचं, गाडी आली की धाकट्यानं गावाचं पहिलं अक्षर ओळखायचं, थोरलीनं पूर्ण नाव वाचायचं. खानापूर आणि हुक्केरी आता त्यांना लांबून कळतं. कंडक्टर मामा एकदा म्हणाले, "काय बाई, जायाचं कुठं तुम्हाला?" कुठंच नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते सांगण्यासारखं नाही.

पण सुट्टीचं कोडं काही या युक्त्यांनी सुटेना. त्यासाठी मला एका रविवारची उपासना लागली. पाळकसाहेब दहा आज्ञांवर बोलत होते, चौथ्या आज्ञेवर आले. शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या दिवशी कुणी कुणी काम करायचं नाही याची तिथं यादीच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा. लहानपणापासून पाठ असलेली आज्ञा, पण त्या दिवशी ती यादी मला पहिल्यांदा ऐकू आली. एकट्या माणसाला विसावा सांगितलेला नाही. सगळ्या घरानं, गोठ्यानं, वेशीत आलेल्या परक्यानंसुद्धा एकाच दिवशी थांबायचं आहे. बैल शनिवारी थांबला आणि गडी मंगळवारी, असं चालणार नाही. मी सहा-एकचं गणित तेवढं उचललं होतं. एकदम थांबायचं राहूनच गेलं होतं. (जाता जाता: त्या यादीत बायको नाही. मुलगा आहे, मुलगी आहे, दासी आहे, बैलही आहे. 'तू' मध्येच ती आली, असं पाळकसाहेब म्हणाले. मान्य. पण रविवारी दुपारी एक वाजता चर्चमधून येऊन कुकर कोण लावतं ते मला माहीत आहे.)

मग प्रश्न असा उरतो की आमची वेस कुठली? गल्लीतली पोरं, की कोडोलीची भावंडं, की चर्च? तिन्ही एकाच वेळी थांबत नाहीत.

चर्चचं वर्ष तर या दोन्ही सरकारांना जुमानतच नाही. ते नाताळच्या तयारीच्या आगमनकाळात सुरू होतं, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सांध्यावर. आणि ईस्टर चंद्रावर चालतो. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठंही हलतो. २०२४ साली तो ३१ मार्चला आला, होळीच्या पौर्णिमेपाठोपाठ. २०२५ साली २० एप्रिलला, चैत्र पौर्णिमेनंतर. समोरच्या आज्जी हनुमान जयंतीचा सुंठवडा देतात त्याच आठवड्यात पुष्कळदा आमचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, असतो. त्याच्या आधीचे चाळीस दिवस उपवासकाळ, आणि नेमकं तेव्हाच शाळांच्या परीक्षा. चर्चमधल्या आया दरवर्षी कुरकुरतात, उपवासाच्या सभांना पोरं येत नाहीत, ट्यूशनला जातात. त्यांना मी काय बोलणार? माझी पोरं येतात, पण त्यांच्या वयाचं तिथं कुणीच नसतं. चटईवर पाच म्हाताऱ्या, मी आणि माझी दोन.

व्हीबीएस, म्हणजे चर्चची सुट्टीतली बायबल शाळा, मात्र गल्लीच्या सुट्टीतच असतं, एप्रिल-मेमध्ये. सकाळी नऊ ते बारा, गाणी, गोष्टी, चिकटकाम, शेवटच्या दिवशी सरबत आणि बक्षीस. तिथं थोरलीचा चेहरा बघण्यासारखा होतो. सगळी पोरं एकाच वेळी मोकळी असल्याचा जो एक गलका असतो ना, तो घरी तयार करता येत नाही. पाढे येतात, वचनं येतात, निबंध येतात. गलका येत नाही. दुपारी घरी येताना करवंदं घ्यायची. जांभोटीच्या बाजूच्या बायका पानाच्या द्रोणात मोजून देतात, बोटं चिकानं चिकटतात, आणि घरी पोचेपर्यंत वळिवाचे ढग कपिलेश्वराच्या पुलावर येऊन थांबलेले असतात.

आणि नोव्हेंबर-डिसेंबर? एक नोव्हेंबरला इथं काय करायचं ते आपल्या हातात नसतं. सकाळी मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी, दुपारनंतर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, रात्री उशिरापर्यंत डीजे. कॅथलिक शेजारणीचा तो सर्व संतांचा सण. दुसऱ्या दिवशी मृतांचा स्मरणदिन, म्हणून ती आदल्या दिवशीच कबरी धुवायला निघते आणि रस्ते अडवलेले बघून परत येते. मी लाँगबुकात त्या तारखेला नुसती आडवी रेघ मारते. अभ्यासही नाही, सुट्टीही नाही. खिडकीच्या काचा हादरत असताना पोरांना घेऊन कॅरम खेळायचा. थोरलीनं एकदा विचारलं, "आपण कुठल्या बाजूचे?" कॅरमच्या की बाहेरच्या, असं मी विचारलं आणि राणी घेतली.

डिसेंबर त्याहून अवघड. सुवर्ण विधानसौध २०१२ साली उभं राहिलं तेव्हापासून कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी इथं, आणि तेही आगमनकाळाच्या ऐन मध्यावर. हॉटेलं भरतात, हायवेवर पोलिस, रोज कुणाचा ना कुणाचा मोर्चा. अधिवेशनाविरुद्ध मराठी माणसं भरवतात त्या महामेळाव्यावरून वातावरण तापलं की पहिल्यांदा दोन्हीकडच्या बसेस बंद होतात. लाल परी कागलला थांबते, इकडची निपाणीला. मधल्या रस्त्यावर कडेवर पोर आणि डोक्यावर करंज्यांचा डबा घेऊन उतरलेल्या बाईला सीमाप्रश्न जितका कळतो तितका कुणाला कळत असेल असं वाटत नाही. नाताळला माहेरी जायचं आमचं ठरतं आणि मोडतं. आई फोनवर विचारते, "गाड्या सुरू हायत काय गं?" आठवड्याच्या मोकळ्या सुट्टीचा सगळा आराखडा त्या एका प्रश्नावर लटकतो.

या सगळ्यात सरकारचा प्रश्न येतो तो लोकांच्या तोंडून. "परीक्षेचं काय?" २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या पोरांसाठी आहे. त्यांना शाळेत घालायची जबाबदारी त्यात पालकांवर टाकलेली आहे. घरी शिकवणाऱ्या घरांबद्दल वेगळं असं काही म्हटलेलं नाही. त्या मोकळ्या जागेत आमच्यासारखी घरं बसतात, जरा अंग चोरूनच. पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की नोंदणी होते. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि पाच वर्षांत नऊ संधी. म्हणजे अजून तीन वर्षांनी तारखा बाहेरूनच येणार आहेत आणि माझी पेन्सिल तिथं चालणार नाही. याचं मला ओझं वाटायला हवं. खरं सांगायचं तर थोडं हलकं वाटतं.

मेमध्ये आम्ही दोघं लाँगबुक घेऊन बसलो. यांना त्या आठवड्यात फौंड्रीत फर्स्ट शिफ्ट होती, त्यामुळं संध्याकाळ मोकळी. मी म्हटलं, या वर्षी आधी सुट्ट्या लिहायच्या, अभ्यास उरलेल्या जागेत. यांना पटेना. "अशानं ३६ आठवडे भरायचे नाहीत," म्हणाले. माणूस साच्यात लोखंड ओततो, त्याला माप चुकलेलं चालत नाही. तरी लिहायला घेतलं. एप्रिल-मेचे तीन आठवडे गल्लीबरोबर आणि व्हीबीएसबरोबर. मेचे दोन कोडोलीला. दसऱ्याचा एक, कारण गल्ली मोकळी. दिवाळीचा एक, कारण भावंडं मोकळी. ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा आठवडा अभ्यासाविना, मग तो कुठंही येवो. नाताळ ते नवीन वर्ष दोन. बेरीज दहा झाली. ५२ मधून दहा गेले, ४२ राहिले. अमेरिकेच्या हिशेबातून जे दहा मोकळे निघतात ते आमचे बरोबर इथं खर्ची पडले. सातव्या आठवड्याचे सहा अजून शिल्लक. हे गप्प झाले, पुन्हा बेरीज केली, आणि म्हणाले, "बसतंय की."

ते सहा कुठं घालायचे यावर मात्र अजून एकमत नाही. जुलैतला मला नकोच आहे. त्याऐवजी लावणीच्या दिवसांत नुसतं अर्धा दिवस शिकवावं आणि दुपारी शिवारात जावं असं माझं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं, एक आठवडा रताळ्यांच्या दिवसांत ठेवा, इथल्या बेळगावजवळच्या कडोलीला त्यांच्या बहिणीकडं काढणी असते, पोरांना पाठवा, आणि तू घरी झोप. हे शेवटचं त्या अगदी सहज बोलल्या. मी तो आठवडा ताबडतोब पेनानं लिहिला.

थोरलीनं पान बघितलं तेव्हा तिला दिवाळीचा आठवडा सापडला आणि ती सरळ फोनकडं गेली. मामेबहिणीला म्हणाली, "ह्या टायमाला येतोय मी, सहा दिवस ऱ्हातोय." मग माझ्याकडं वळून, "मम्मी, तिकडची सुट्टी सोमवारपासून हाय म्हणे, आपली शुक्रवारपासून कशी?" मी चुकीचा आठवडा धरला नव्हता, पण तिकडच्या शाळेचं पत्रक अजून यायचंय आणि वहिनी म्हणते, ते दरवर्षी शेवटच्या घटकेला बदलतं. म्हणजे आता ऑक्टोबरातला एक आठवडा तीन दिवसांचा होणार, आणि इतिहासाचे दोन धडे रांगेत मागं सरकणार. सरकू देत. यांच्या त्या महिन्याच्या शिफ्टचा चार्ट लागला की बघू.